माइक बंद झाल्यावर

उजव्या पायातली चप्पल काढल्याशिवाय मॅडम फाइल सुरू करत नसत. रेकॉर्डिंग थांबवायला, मागे-पुढे न्यायला आमच्या प्रत्येकाच्या टेबलाखाली एक पेडल असायचं, शिलाई मशीनच्या पायट्यासारखं. आम्ही सगळे त्यावर बूट-चपलांसकट पाय ठेवून दिवस काढायचो. मॅडम मात्र चप्पल बाजूला सारायच्या, अनवाणी पाऊल पेडलवर टेकवायच्या, पदर सारखा करायच्या आणि मगच हेडफोन कानावर चढवायच्या. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "कोणाच्या तरी घरात जाऊन राहिलो ना आपण. चप्पल तं काढाच लागते."

ते घर अमेरिकेत असायचं.

रामदासपेठेत एका पॅथॉलॉजी लॅबच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली गावोगावचे लोक रिपोर्टची वाट पाहत बसलेले असत आणि वर आम्ही वीस-बावीस जण कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांचं बोलणं ऐकत, ते जसंच्या तसं इंग्रजीत टाइप करत बसलेलो असू. तिकडच्या छोट्या शहरांच्या नगर परिषदांच्या बैठका, शाळांच्या समित्या, रेडिओवरच्या चर्चा, वकिलांनी घेतलेल्या साक्षी. तिकडे संध्याकाळी सभा झाली की आमच्याकडे सकाळी दहाला फाइल हजर. तुमच्यापैकी ज्यांनी असल्या ऑफिसात काम केलंय त्यांना ठाऊक असेल, सहा महिन्यांत माणूस ऐकणं बंद करतो. कान ऐकतात, बोटं चालतात, मधला माणूस जेवणाच्या सुट्टीचा विचार करत असतो. मॅडमचं तसं कधी झालं नाही.

त्या काटोलच्या. तिथल्या एका विनाअनुदानित शाळेत त्यांनी पंचवीसएक वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. शाळा बंद पडली तेव्हा त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं. नवरा आधीच वारलेला, मुलगी शिकत होती. कोणीतरी आमच्या ऑफिसची जाहिरात दाखवली. परीक्षेला आमच्याकडची अर्धी पोरं नापास व्हायची, कारण अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या माणसाचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं की ते इंग्रजी आहे हेच कळत नाही. मॅडमनी पूर्ण फाइल बिनचूक लिहून दिली. हे कसं जमलं असं मॅनेजरनं विचारल्यावर त्या म्हणाल्या होत्या की सत्तर पोरांच्या वर्गात मागच्या बाकावरचा काय पुटपुटतो ते ऐकू येत असेल, तर अमेरिका काही अवघड नाही.

मी लागलो तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि मला त्यांच्या शेजारचं टेबल मिळालं. पहिल्याच फाइलमध्ये मी अकरा ठिकाणी 'इनऑडिबल' लिहिलं. ऐकू येत नाही, असा तो शेरा. जे कळलं नाही तिथे तो टाकायचा आणि पुढे जायचं, अशी नियमातच सोय होती. मॅडमनी माझ्या स्क्रीनकडे पाहिलं, आपला हेडफोन काढून माझा लावला आणि मला म्हणाल्या, "परत ऐक." मी ऐकलं. मला नुसती गुरगुर ऐकू आली. "परत ऐक," त्या म्हणाल्या. पाचव्या वेळी कळलं. एक माणूस सांगत होता की त्याच्या घराचं पाणी तोडलं आहे आणि तो आईला अंघोळीसाठी बहिणीकडे नेतो. साधं वाक्य होतं. मॅडम म्हणाल्या, "ऐकू येत नाही असं लिहाचं नाही गा. मी ऐकलं नाही, असं असते ते."

त्यांनी स्वतः तो शेरा कधी वापरला नाही. आमच्या ऑफिसात ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती आणि त्यांनाही तिचा थोडा अभिमान होता. एखादा शब्द लागला नाही तर त्या जेवायच्या सुट्टीत डबा उघडा ठेवून तो ऐकत बसायच्या. पोळीचा घास हातात, पाऊल पेडलवर.

त्यांची अमेरिका आमच्या अमेरिकेपेक्षा वेगळी होती. आमची टीव्हीवरची. तिथे निवडणूक आली की आमच्याकडे चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडायचे. हा उमेदवार बरा की तो, कोण आला तर व्हिसाचं काय होईल, यावर माणसं तावातावानं बोलायची. मॅडम कटिंग चहा फुंकत ऐकायच्या. एकदा त्या एवढंच म्हणाल्या, "हे लोक दर चार वर्षांनी नवरदेव पाहाले जमतात. वऱ्हाडाले पाणी भेटलं का, ते कोणी विचारून नाही राहिलं." मग वर जाऊन त्यांनी ज्या गावातल्या नळांना तांबूस पाणी येत होतं त्या गावाची फाइल उघडली. त्या गावाची बैठक त्या दर महिन्याला मागून घ्यायच्या. नळाचं काय झालं, हे त्यांना टपरीवर गाजणाऱ्या कोणत्याही उमेदवारापेक्षा नक्की ठाऊक असायचं.

तिकडच्या माणसांबद्दल त्या शेजारपाजाऱ्यांसारख्या बोलत. एका शहराच्या सभेत एक म्हातारा दर वेळी उभा राहून शेजारणीच्या कुत्र्याची तक्रार करायचा. बोलताना खोकायचा. मॅडमच्या भाषेत तो खोकलणारा बुढा. दोन महिने तो आला नाही, तर मॅडमना चैन पडेना. त्या मला म्हणाल्या की खोकला वाढला होता त्याचा. तिसऱ्या महिन्यात तो उगवला, कुत्र्याची तक्रार घेऊनच. त्या दिवशी मॅडमनी डब्यातली संत्री सगळ्या टेबलांवर एकेक ठेवली. कशाबद्दल, ते फक्त मला सांगितलं.

पण त्यांच्या या ऐकण्यात नुसती माया नव्हती. त्यांना काही गोष्टी दिसत होत्या, ज्या आम्हाला समोर असून दिसत नव्हत्या. एकदा योगायोगानं एकाच घटनेच्या दोन फाइली आमच्याकडे आल्या. एक कुठल्याशा वृत्तवाहिनीच्या चर्चेची. तीत निवेदक सांगत होता की अमुक शहराच्या सभेत जमावानं गोंधळ घातला, आणि पुरावा म्हणून ओरडाआरड्याचा चार सेकंदांचा तुकडा वाजवला होता. दुसरी फाइल त्या सभेचीच, दोन तासांची. दोन्ही मॅडमकडेच आल्या. त्या मला बोलावून म्हणाल्या, ऐक. दोन तास माणसं रांगेत उभी राहून, आपलं नाव-पत्ता सांगून, एकेक करून बोलत होती. घरभाड्याबद्दल, घर रिकामं करायच्या नोटिसांबद्दल. शेवटी अध्यक्षांनी सांगितलं की उरलेल्यांना बोलता येणार नाही. तेव्हा ओरडा झाला. तोच चार सेकंदांचा.

"टीव्हीवाला खोटं नाही बोलला," मॅडम म्हणाल्या. "चार सेकंद खरं बोलला."

दुसरी गोष्ट त्यांनी दाखवली ती आमच्याच नियमपुस्तकातली होती. सभांच्या फाइलींसाठी नियम असा की पदाधिकाऱ्यांच्या बोलण्यातलं अडखळणं, उं-आं, अर्धवट वाक्यं काढून टाकायची आणि मजकूर स्वच्छ करायचा. साक्षी-जबाबांच्या फाइलींसाठी नियम उलटा. आरोपीचा प्रत्येक अडखळलेला शब्द, प्रत्येक चुकलेलं व्याकरण तसंच ठेवायचं. दोन्हींना सयुक्तिक कारणं होती, मी ती त्यांना सांगितलीही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की कारण काहीही असो, कागदावर काय उरतं ते बघ. साहेब अडखळला तर आपण पुसतो आणि आरोपी अडखळला तर ठेवतो, मग शंभर वर्षांनी वाचणाऱ्याला वाटेल की तिकडे साहेबच तेवढे नीट बोलत होते.

मी हसलो होतो. तोवर माझी बढती झाली होती. मी क्वालिटीला गेलो होतो, म्हणजे लोकांनी केलेलं काम तपासायचं, नियमात बसत नसेल ते काढायचं आणि मग फाइल पाठवायची. मॅडमच्या फाइलीही माझ्याकडेच यायच्या. त्या मला तसंच 'गा' म्हणायच्या आणि मी त्यांना मॅडम.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो, ती सांगतो.

आमच्याकडे काम असलेल्या एका शहरात एका बाईंचा मुलगा तिथल्या तुरुंगात मेला होता. किरकोळ गुन्ह्यात पकडलेला, सुनावणी व्हायची होती. बाई कृष्णवर्णीय, बहुधा कुठल्या शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या. हे सगळं आम्हाला त्यांच्याच बोलण्यातून तुकड्या-तुकड्यानं कळलं होतं. त्या शहराच्या सभेत नागरिकांना शेवटी दोन-दोन मिनिटं बोलता यायचं. या बाई दर महिन्याला यायच्या. बोलायची सुरुवात एकाच पद्धतीनं करायच्या. मुलाचं नाव सांगायच्या आणि मग त्याचं स्पेलिंग सांगायच्या, एकेक अक्षर, सावकाश. म्हणजे नोंदीत नाव चुकू नये.

मॅडमनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना काय वाटलं ते त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी हेडफोन काढून गळ्यात अडकवला. "तिथं बसलेल्या कोणाले स्पेलिंग काय कामाची?" त्या म्हणाल्या. "ते मले सांगून राहिली, गा. लिहिणारीले."

त्यानंतर त्या शहराची फाइल दुसऱ्या कोणाला मिळाली नाही. महिन्याच्या त्या दिवशी मॅडम लवकर यायच्या. फाइल संपत आली की हळूच म्हणायच्या, "आली बा." सात-आठ महिने हे चाललं. बाईंच्या मागण्या साध्या होत्या. त्या दिवशी पहाऱ्यावर कोण होतं, मुलाला दमा आहे हे कुणाला माहीत होतं, त्याला औषध दिलं की नाही. उत्तर कोणी देत नसे. दोन मिनिटं झाली की घंटा वाजायची आणि अध्यक्ष म्हणायचे, धन्यवाद, पुढचे वक्ते.

एका महिन्याच्या सभेत घंटा वाजली आणि बाई थांबल्या नाहीत. अध्यक्षांनी त्यांचा माइक बंद करायला सांगितला. तरी त्या बोलत राहिल्या. रेकॉर्डिंगमध्ये त्यांचा आवाज एकदम लांब गेला, पण पूर्ण गेला नाही, कारण अध्यक्षांच्या समोरचा माइक चालू होता आणि त्यात तो पलीकडून येत होता. खुर्च्या सरकवल्याचा, कागदांचा आवाज मध्ये. मॅडमनी ते मिनिट-दीड मिनिट लिहायला दोन दिवस घेतले. मॅनेजर दोनदा विचारून गेला.

फाइल माझ्याकडे आली तेव्हा त्यात तो सगळा मजकूर होता. बाई सांगत होत्या की शेजारच्या कोठडीतला माणूस सुटून आला आहे आणि त्यांना भेटला आहे. त्यांच्या मुलानं तीन वेळा दम्याचं औषध मागितलं. तिसऱ्या वेळी पहारेकऱ्यानं दारावरची झडप लावून घेतली. शेजारच्या कोठडीतल्या त्या माणसाचं नाव त्यांनी सांगितलं. त्याचंही स्पेलिंग सांगितलं, बंद माइकवर.

नियम स्पष्ट होता. माइक बंद झाल्यावरचं बोलणं नोंदीत घ्यायचं नाही. मी मॅडमकडे गेलो आणि तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, नियम आहे ते मला माहीत आहे, पण ऐकू तर येतं ना. तू ऐकलं का? मी ऐकलं होतं, शब्द न् शब्द ऐकू आला होता. मी त्यांना म्हणालो की बघतो.

मग मी जागेवर येऊन ते दीड मिनिट काढून टाकलं आणि तिथे 'इनऑडिबल' लिहिलं. त्या वेळी मला त्यात विशेष काही वाटलं नाही. महिनाअखेर होती, शहराचं कंत्राट मोठं होतं, मॅनेजर मागे लागला होता. 'माइक बंद' असा वेगळा शेरा होता, तो टाकला असता तरी ते खरं झालं असतं. पण तो शेरा टाकला की क्लायंट कधीकधी स्पष्टीकरण मागतो. 'इनऑडिबल'ला कोणी काही विचारत नाही. फाइल गेली. मॅडमना मी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांना वाटलं असावं की बघतो म्हणाला म्हणजे ठेवलं असेल.

पुढच्या महिन्यात दुपारी तीनच्या सुमारास मॅडम माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. उजवं पाऊल अनवाणी. चप्पल घालायचं राहून गेलं होतं. म्हणाल्या, "चल." मी त्यांच्या खुर्चीत बसलो, त्यांनी हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि स्वतः वाकून हातानं पेडल दाबलं.

नेहमीसारखं मुलाचं नाव, नावाची अक्षरं. मग बाईंनी कागद उलगडल्याचा आवाज आला. त्या म्हणाल्या की मागच्या सभेची नोंद मी वाचली. माझ्या नावापुढे लिहिलं आहे, ऐकू आलं नाही. मी इथेच उभी होते. ही खोली भरलेली होती आणि सगळ्यांना ऐकू आलं, तुम्हालाही आलं, कारण तुम्ही खाली पाहिलंत. मग त्या म्हणाल्या की हे ज्यानं लिहिलं त्याच्यावर माझा राग नाही. तो या खोलीत नव्हता. पण त्याला कोणी सांगू शकत असेल तर सांगा, की मला आवाज आहे.

मी हेडफोन काढला. मॅडम माझ्याकडे पाहत नव्हत्या. स्क्रीनकडे पाहत होत्या.

"काहून केलं?" त्यांनी विचारलं.

मी नियमाचं काहीतरी बोललो. महिनाअखेरीचंही बोललो असेन. माझं संपल्यावर म्हणाल्या, "दुरुस्तीचा फॉर्म काढ."

आमच्याकडे असा फॉर्म होता. पाठवलेल्या नोंदीत चूक राहिली असेल तर तो भरून, सुधारलेलं पान जोडून क्लायंटला पाठवता यायचं. फार क्वचित भरला जायचा, कारण चूक कबूल केल्यासारखं होई. त्यात रकाने होते. चूक कुठे झाली, कशी झाली, कोणाकडून झाली. शेवटच्या रकान्यात नाव नाही, कर्मचारी क्रमांक लिहायचा. मी माझा क्रमांक लिहायला लागलो, तर मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला.

मी म्हणालो, "मॅडम, चूक माझी आहे."

"तुहीच आहे," त्या म्हणाल्या. "पण तुहा नंबर लिहिला तं मॅनेजर म्हणन, क्वालिटीवाल्यानं नियमानं काढलं, याच्यात चूक कुठं आहे? मंग कागद इथंच थांबते. माहा लिहिला तं म्हणन, म्हातारीले नीट ऐकू आलं नाही. मंग पाठवन तो."

बरोबर होतं. नियमाप्रमाणे केलेली गोष्ट चूक ठरत नव्हती. पान तिकडे पोचवायचं असेल तर कोणाचा तरी कान खराब असणं भाग होतं. मॅडमनी स्वतःचा क्रमांक टाकला आणि कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं की टाइप करणाऱ्या व्यक्तीला हा भाग ऐकू आला नव्हता, पुन्हा ऐकल्यावर स्पष्ट ऐकू आला. खाली ते दीड मिनिट जोडलं. साक्षीदाराच्या नावाची अक्षरं दोनदा तपासली. मी बाजूला उभा होतो. मी अजून काही बोलू शकलो असतो. बोललो नाही.

मॅनेजरनं त्यांना केबिनमध्ये बोलावलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यांच्या वयाचा मान राखून म्हणाला की या वयात होतं असं, एकदा कान तपासून घ्या. फॉर्म मात्र त्यानं पाठवला. मॅडम दुसऱ्या दिवशी खरंच कान तपासायला गेल्या. रामदासपेठेत डॉक्टरांना तोटा नाही. परत आल्यावर मी रिपोर्टचं विचारलं, तर पर्समधून काढून दाखवला. दोन्ही कान उत्तम. डॉक्टरनं म्हणे विचारलं की तुम्ही आलातच कशाला. मॅनेजरनं विचारलं तेव्हा मॅडमनी सांगितलं की रिपोर्ट ऑटोत राहून गेला.

त्या शहराचं काम त्यांच्याकडून काढून घेण्यात आलं. तसाच नियम होता. त्यांना कॉलेजातल्या व्याख्यानांच्या फाइली मिळायला लागल्या. शहराची फाइल माझ्याकडे आली, क्वालिटीच्या कामासोबत. मी महिन्याच्या त्या दिवशी त्यांच्या टेबलाजवळून जाताना मान हलवायचो, म्हणजे आली होती. त्या मान हलवायच्या. पुढच्याच सभेत अध्यक्षांनी एका दमात वाचून दाखवलं की अमुक महिन्याच्या नोंदीचं सुधारित पान दाखल करून घेण्यात येत आहे. त्या दिवशी बाईंनी दोन मिनिटांतलं पहिलं वाक्य त्या पानावरूनच वाचलं.

वर्षभरानं ऑफिसात ऐकून टाइप करणारी यंत्रणा आली. आम्ही आता फक्त तिच्या चुका दुरुस्त करायच्या होत्या, आणि त्यासाठी बावीस माणसं लागत नव्हती. ज्यांच्या नावावर दुरुस्तीचे फॉर्म होते त्यांना आधी जायला सांगण्यात आलं. त्या यादीत मॅडमचं नाव वरच होतं. त्यांनी खळखळ केली नाही. टेबलाचा खण रिकामा केला, डबा, शाल, इंग्रजीचा जाड शब्दकोश पिशवीत भरला. मी खालपर्यंत गेलो. लॅबच्या पायरीवर रामटेककडचं एक जोडपं रिपोर्ट हातात घेऊन बसलं होतं. मॅडम तिथेच थांबून त्यांना तो वाचून दाखवायला लागल्या, आणि मला हातानंच वर जा म्हणाल्या. निरोप असा तो एवढाच झाला.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी त्या शहराच्या सभेत बाहेरच्या यंत्रणेकडून तुरुंगातल्या त्या मृत्यूची चौकशी करायचा ठराव आला. बाईंच्या वकिलानं सुधारित पान पूर्ण वाचून दाखवलं. झडप लावल्याचं, तीन वेळा औषध मागितल्याचं, साक्षीदाराच्या नावासकट. एक मत जास्त पडून ठराव मंजूर झाला. आता यातून पुढे काय निघालं, ते मला नीट सांगता येणार नाही. ते काम नंतर दुसऱ्या ऑफिसकडे गेलं. पण त्या दिवशी मी फाइल अर्धी सोडून जिन्यात गेलो आणि मॅडमना फोन लावला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ठराव, मतं, वकील. मग विचारलं, "ते काय म्हणाली?"

"काही नाही म्हणाली. पाणी मागितलं तिनं."

"देल्लं का?"

"ग्लास ठेवल्याचा आवाज आला."

"बरं झालं," मॅडम म्हणाल्या.

मग मी त्यांना सांगितलं की मी मॅनेजरला जाऊन खरं काय ते सांगणार आहे. फार उशीर झाला होता, तरी. त्या एकदम कडक झाल्या, वर्गात झाल्या असतील तशा. म्हणाल्या की गप बस. तो कागद तिथे चालतोय. चूक ऐकण्याची नव्हती असं तू आता लिहून दिलंस, तर कोणीतरी त्या पानावरच बोट ठेवील. त्याला हात लावू नकोस. मी लावला नाही. माझी नोकरी टिकली ती अशी. माझ्यावरचं ओझं उतरू न देता त्यांनी मला गप्प बसवलं, आणि त्यांचंच बरोबर होतं.

या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. झोपेतच, हृदय बंद पडून. मला चार दिवसांनी कळलं. मी काटोलला गेलो. बस स्टँडपासून पत्ता विचारत निघालो, तर इंग्रजीच्या बाई म्हटल्यावर पहिल्याच दुकानदारानं घर दाखवलं. मुलगी घरी होती. तिनं पाणी दिलं. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली की बरं झालं आलात, आईला कानाचा त्रास कधीपासून होता ते मला विचारायचं होतं. ऑफिसमधून काढलं ते कमी ऐकू येतं म्हणून, असं तिला कोणाकडून तरी कळलं होतं. घरी तर आईला दुधवाल्याची सायकल कोपऱ्यावरून ऐकू यायची, ती म्हणाली. मग हे कसं?

मी तिला सांगितलं. पेडलपासून, पाण्याचं कनेक्शन तोडलेल्या माणसापासून. त्या बाईंपर्यंत आलो, मी काय केलं ते सांगितलं आणि फॉर्मवर तिच्या आईनं काय लिहिलं तेही. मला वाटलं होतं ती चिडेल. संपल्यावर तिनं विचारलं, "त्या बाईले आई माहीत होती का?"

मी नाही म्हणालो. फॉर्मवर नावाला जागाच नव्हती.

तेवढ्यात शेजारच्या तीन-चार बायका भेटायला आल्या. त्यांतल्या एकीनं माझ्याकडे पाहून हे कोण म्हणून विचारलं. मुलीनं त्यांच्यासाठी चटई अंथरली.

"आईच्या ऑफिसातले आहेत," ती म्हणाली. "बस वं काकू. आई तिथं काय करत होती, ते सांगून राहिले."

बायका बसल्या. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.